जागल

भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेला असाल तर पाण्याच्या पलीकडे एक धुरकट हिरवी रेघ दिसते बघा. आमचं गाव त्या रेघेत आहे. तुमचा कॅमेरा तेव्हा पक्ष्यांवर असतो, त्यामुळे फोटोत गाव कायम धूसरच येतं. करमाळा तालुका, सोलापूर जिल्हा, उजनीचा काठ. एवढं सांगूनही पुण्यातल्या मित्रांना कळत नाही, मग मी "मासे खायला जाता ना, त्याच्या समोरच्या काठाला" असं सांगतो. लगेच कळतं.

तर झालं असं, की एप्रिलमधल्या एका विकांताला मी भाच्याला घेऊन गावी गेलो. भाचेबुवांची दहावी नुकतीच संपली होती आणि ते दिवसरात्र मोबाईलवर कसली कसली राक्षसं मारत पडले होते. ताईचा फोन आला, "गावाला निघालायस ना? मग ह्यालाही घेऊन जा. दादा म्हणत होता रानात डुकरं फार झालीत. दाखव ह्याला खरी डुकरं."

दादा म्हणजे आमचा थोरला भाऊ. शेती तो बघतो. मी हिंजवडीत बसून कोड बघतो आणि सातबाऱ्यावर नाव लावून आहे. डुकरांनी मका खाल्ल्याचं दादाने मलाही सांगितलं होतं. "जागलीला माणूस मिळत न्हाई, दोन राती ये," असं म्हणाला होता. जागल म्हणजे रात्रभर रानात बसून पिकाची राखण. लहानपणी मी आण्णांबरोबर जायचो, पण ते ज्वारीची पाखरं राखायला, तेही दिवसा. डुकरांची जागल ही नंतरची भानगड.

जेऊरला उतरेपर्यंत भाचेबुवांच्या डोक्यात सगळा बेत तयार होता. "मामा, आपण मारायचं का त्याला? कशाने?" डब्यातले दोन-तीन काका लोक वळून बघायला लागले. मी त्याला हळू आवाजात कायदा सांगितला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. रानडुक्कर आधी तिसऱ्या अनुसूचीत होतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आलं. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायला वनखात्याकडून परवानगी मिळण्याची वाट कायद्यात आहे, पण ती लेखी परवानगी. आपलं आपण काठी नाहीतर बंदूक घेऊन निघायचं नाही. "म्हणजे आपण नुसतं बसायचं?" "बसायचं, आणि आलं की हाकलायचं." त्याच्या तोंडावरची निराशा बघून मलाच वाईट वाटलं.

मग मी त्याला टेक्सासची गोष्ट सांगितली. ऑनसाईटला दोन वर्षं डॅलसजवळ होतो तेव्हा माझा एक तिथला सहकारी दहा वर्षांच्या पोराला घेऊन दर शनिवारी संध्याकाळी डुकरांच्या शिकारीला जायचा. सोमवारी हापिसात फोटो दाखवायचा, पोराच्या हातात पोराएवढी बंदूक. मला तेव्हा ते भयंकर वाटलं होतं. पण तिथे डुक्कर हा बाहेरून आलेला प्राणी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं रानात सुटली, मागाहून शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, आणि आता राज्यभर पिकांची वाट लागते. २०११ मध्ये तर हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला पैसे भरून माणसं नेण्याची मुभा देणारा कायदा झाला. २०१९ पासून खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. आपल्याकडे मात्र तो इथलाच, मूळचा रहिवासी. आपण त्याच्या रानात ऊस लावलाय, असं म्हणायचीही सोय आहे. दादासमोर म्हणू नये एवढंच.

इंग्रजांच्या वेळचं कुणाला काही वाटत नव्हतं. घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारायचा हा खेळ साहेबांना फार प्रिय. स्काउट चळवळवाल्या बेडन-पॉवेलने त्यावर १८८९ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलंय, आणि त्याआधी १८८३ मध्ये ह्याच खेळातला मेरठकडचा कादिर कप जिंकला होता. भाचेबुवा शाळेत स्काउटला होते. त्यांना गाठी शिकवल्या होत्या, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या आण्णांनी सांगितलेलं वेगळंच. धरणाआधी धुळवडीच्या दिवशी गाव शिकारीला निघायचं, कुत्री आणि भाले घेऊन, आणि बहुतेक वेळा ससा घेऊन परत यायचं. डुक्कर मिळालं तर ती बातमी चार गावं पुरायची. तेव्हा इकडे कोरडवाहू ज्वारी, डुक्कर लपणार कुठे?

लपायला जागा उजनीने दिली. १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते पायाभरणी, १९८० मध्ये धरण पूर्ण. भीमेकाठची गावं पाण्यात गेली, माणसं वर माळावर येऊन बसली, आमचं जुनं घरही त्यात गेलं. पाणी मिळालं तशी मोटारी बसल्या आणि ज्वारीच्या जागी ऊस आला. मग केळी, मग मका. बारा-पंधरा महिने उभा असलेला ऊस म्हणजे डुकराला सावली, पाणी, खाणं, बाळंतपणाची खोली, सगळं एका ठिकाणी. भाडं नाही, डिपॉझिट नाही. मादी साधारण पावणेचार महिन्यांत वितात आणि एका वेळी चार-सहा पिल्लं होतात. कारखान्यांचा हंगाम लागला, फड तुटायला लागले, की हा सगळा कुटुंबकबिला उघड्यावर येतो. तो काठावरच्या वेड्या बाभळीत शिरतो आणि रात्री जे उभं असेल त्यात. एप्रिलमध्ये उभी असते ती मका, आणि गाळपेर.

गाळपेर म्हणजे धरणाचं पाणी ओसरलं की जी गाळाची जमीन उघडी पडते तिच्यावर घेतलेलं पीक. उजनीचं हे एक गणितच आहे. एकूण ११७ टीएमसी पाण्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. त्याच्या खाली पातळी गेली की टक्केवारी उणे दाखवतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ६० च्या आसपास गेली होती. धरण उणे भरतं हे फक्त आम्हा सोलापूरकरांना नैसर्गिक वाटतं. (कोडवाल्यांनी हे अनसाइन्ड इंटीजरमध्ये साठवू नये.)

असो. दुपारी वहिनीने धपाटे आणि चिलापीचं कालवण घातलं, दोन तास झोप झाली आणि साडेपाचला आम्ही रानात गेलो. दादाने आधी सगळी संरक्षण व्यवस्था दाखवली. बांधावरून चारी बाजूंनी वहिनीच्या, आईच्या, आणि गावातल्या बऱ्याच बायकांच्या जुन्या साड्या ताणलेल्या. लांबून एखाद्या लग्नाचा मांडव वाटावा. डुकराची नजर अधू, पण साडी वाऱ्याने हलली की बिचकतं म्हणे. आठ दिवस बिचकतं. मग न्हाव्याच्या दुकानातून आणलेले केस बांधाच्या कडेने पसरले होते, कारण डुक्कर हुंगत चालतं आणि केस नाकात गेले की परत फिरतं. हेही आठ दिवस. कोपऱ्यात पत्र्याचा डबा आणि दांडकं.

आणि साड्यांच्या आतल्या बाजूने, गुडघ्याच्या खाली, बांबूच्या खुंट्यांवरून फिरवलेली तार. ती बघून माझी छाती जरा फुगली, कारण तिचे पैसे मी दिले होते. फेब्रुवारीत दादाने झटका मशीनसाठी नऊ हजार मागितले आणि मी दोन मिनिटांत पाठवले. शेतीला हातभार लावल्याचं समाधान एवढं स्वस्त क्वचित मिळतं.

भाचेबुवांनी विचारलं, "ह्याने माणूस मरत नाही का?" आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. माळ्यावर चढता चढता मी त्याला झटका मशीन समजावून सांगितलं. बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलर पॅनेल. तारेत काही हजार व्होल्ट जातात, पण सलग नाही. साधारण सेकंदाला एक ठोका, आणि तो ठोकाही सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. त्यामुळे झटका बसतो, चांगला सणसणीत बसतो, पण मधल्या वेळात हात सोडवता येतो. घरातल्या लाइनीचं तसं नसतं. तिथे दोनशे तीस व्होल्टच असतात, पण करंट थांबत नाही. वीसेक मिलिअँपिअर हातातून गेले की स्नायू आखडतात, मूठ उघडतच नाही. शंभरच्या आसपास काळजाचे ठोके बिघडतात. म्हणून व्होल्ट किती ह्यापेक्षा करंट किती आणि किती वेळ हे महत्त्वाचं. "म्हणजे ह्या तारेला हात लावला तर?" "पाठीत धपाटा बसल्यासारखं होईल," मी म्हणालो. फार छान समजावलं असं मला वाटलं. ऑफिसात नव्या पोरांना मी असंच समजावतो.

दादा खाली मोटारसायकलला किक मारत होता. जेवून येतो म्हणाला. जाता जाता ओरडला, "तळ्याकडच्या अंगाला जाऊ नका. लाइट साडेधाला येती, त्याच्या आत मी आलोच."

सोलरवरच्या बॅटरीला लाइट येण्याशी काय देणंघेणं? प्रॉडक्शनमध्ये कुणी असं विसंगत वाक्य बोललं असतं तर मी तिथल्या तिथे पकडलं असतं. पण मी सूर्यास्त बघत होतो.

सूर्यास्त खरंच बघण्यासारखा होता. पाणी लांब गेलेलं, मध्ये गाळाचा पट्टा, त्यावर कुणाचं कलिंगड, कुणाचा भुईमूग. मग पाणी, आणि पलीकडे इंदापूरच्या बाजूचे दिवे एकेक लागताना. मासे धरणाऱ्यांची एक होडी काठाला येत होती. लांब रेल्वे गेली. तिचा आवाज पाण्यावरून येतो त्यामुळे ती समोरून चालल्यासारखी वाटते. टिटवी ओरडत होती. पहिला अर्धा तास भाचेबुवांनी तीनदा फोन काढला आणि तीनदा मी तो खिशात घालायला लावला, कारण उजेड दिसतो. चौथ्यांदा त्याने आपणहून काढला नाही.

अंधार झाला तसा तो माझ्याजवळ सरकला. "बिबट्या येतो का इकडे?" येतो. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन जीव घेतले होते आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. तेव्हा महिनाभर दादा रात्री मोटार चालू करायला एकटा गेला नव्हता. भाचेबुवांना मी एवढंच सांगितलं की माळ्यावर काही होत नाही. तो म्हणाला, "मोठे मामा रोज एकटे बसतात?" मी म्हटलं, हो. रोज.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग स्वतःहून सांगायला लागला, की त्याला सायन्सला जायचं नाहीये, आणि हे घरी कसं सांगायचं ते कळत नाहीये. अंधारात तोंड दिसत नाही त्याचा हा फायदा. मी मामा म्हणून जे बोलायचं ते बोललो, इथे लिहीत नाही.

आणि बोलता बोलताच मक्यात कड् कड् असा आवाज झाला. आधी एक ताट मोडल्याचा, मग दोन, मग ओल्या कागदासारखा चुर्र चुर्र. भाच्याने माझं मनगट धरलं. मी बॅटरी मारली. सोळा-सतरा ओळींच्या पलीकडे एक मादी, मान खाली, आणि तिच्या पायांत पाच पिल्लं, अंगावर पिवळट पट्टे, खारीसारखे. ती कणीस सोलत होती. म्हणजे ताट छातीने आडवं करायची, एक कणीस अर्धं खायची आणि पुढच्या ताटाकडे वळायची. एवढं मोठं नुकसान इतक्या सवयीने करताना मी फक्त एका क्लायंटला बघितलंय.

भाचा पुटपुटला, "कसली भारी आहेत पिल्लं." आणि मला काही कळायच्या आत माळ्यावरून उडी मारून, डबा बडवत, "हुर्र्र" करत मक्यात शिरला.

कळप उधळला. मीही उतरलो, पण मला चाळिशीचे गुडघे. बॅटरीचा झोत वर-खाली होत होता, मका तोंडावर बसत होती, पुढे डब्याचा आवाज लांब लांब चाललेला. तळ्याकडच्या अंगाला. मग डबा थांबला. मी हाका मारत त्या बाजूला पोचलो तर भाचेबुवा बांधावर उभे, धापा टाकत हसतायत, आणि डाव्या हाताची मूठ तारेवर.

"मामा, तुझं मशीन बंद आहे. करंटच नाहीये ह्याला. मी मुद्दाम धरून बघितलं, धपाटा कसा असतो ते."

मीही हसलो. घड्याळात नऊ वीस झाले होते.

दादा दहाला आला. भाच्याने त्याला उत्साहाने सगळी हकिकत सांगितली, डुक्कर, पिल्लं, डबा, आणि शेवटी तारेचं. दादाने विचारलं, "हात लावला?" भाचा म्हणाला, "हो, धरली की." दादा बांधावर खाली बसला. मग उठला आणि मोटारीच्या पेटीकडे पळत सुटला. दादाला पळताना मी वीस वर्षांत बघितलं नव्हतं. मी मागे गेलो. पेटीच्या मागून तार आत गेली होती आणि स्टार्टरच्या वरच्या टोकाला गुंडाळलेली होती. मशीन कोपऱ्यात पोत्यावर पडलेलं. मार्चमध्ये जळलं होतं. दुकानदाराने वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मला परत पैसे मागायला त्याला बरं वाटलं नव्हतं.

म्हणजे साडेदहाला थ्री फेज आली असती, की त्या अख्ख्या बांधाला लाइनीचा करंट.

मी काय काय बोललो ते नीट आठवत नाही. पोलीस सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लावतात हे बोललो, वीजचोरीचं बोललो, गडी, शेजारचा गुराखी, वहिनी, सगळं बोललो. दादा वायर सोडवत होता. शेवटी पाठ न वळवता म्हणाला, "लका, तुझी एक तारीख चुकत न्हाई. हितं एकराला पंचवीस हजार घातल्यात. पंधरा दिवस झालं म्या झोपलो न्हाई. कोण येतंय सांग की जागलीला? तू आलास, ते बी दोन रात." मग थोड्या वेळाने, "मी लाइट यायच्या आदी येणार हुतो म्हणलं न्हवतं का. तिकडं जाऊ नका म्हणलं हुतं." हे तो मला सांगत नव्हता.

आणि मला आठवत होतं ते माझंच वाक्य. पाठीत धपाटा बसल्यासारखं होईल. तिकडे जाऊ नका म्हणून सांगणारा दादा होता. हात लावला तर चालतो हे सांगणारा मी.

आम्ही तिघांनी मिळून तार गोळा केली. भाचा बॅटरी धरून पुढे, मी खुंट्या उपटत, दादा वेटोळं घालत मागे. भाच्याला तोपर्यंत समजलं होतं. एकदाच त्याने विचारलं, "नऊ वीसच्या ऐवजी..." आणि वाक्य सोडून दिलं. निम्मी तार निघाली आणि लाइट आली. काठाकाठाने सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. तो घूं आवाज मला लहानपणापासून आवडतो, झोप लागायची त्याच्यावर. भाच्याने हातातली बॅटरी खाली टाकली आणि दोन्ही हात काखेत घातले.

डुकरं पहाटे तीनला परत आली. आम्ही डबे बडवले, फटाके लावले. तरी उजाडल्यावर मोजलं तर अकरा ओळी आडव्या. सकाळी वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज कसा करायचा ते मी बघितलं, सातबारा, फोटो, पंचनामा, सगळं एका फोल्डरमध्ये टाकून दादाला दिलं. त्याने फोल्डर घेतलं आणि म्हणाला, "चहा घे." रविवारी मशीन उघडून बघितलं. आतला बोर्ड काळा पडला होता, दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. नवीन मागवलं. ह्या वेळी पैसे पाठवले नाहीत, मशीनच पाठवलं. जूनमध्ये मका निघाली, निम्मीच्या आसपास हाती लागली.

परतीच्या गाडीत भाचा खिडकीशी बसून होता. पुणे स्टेशनवर ताई घ्यायला आली होती. "काय रे, दिसली का डुकरं?" तो म्हणाला, "दिसली. पिल्लं पण होती पाच." आणि माझ्याकडे बघितलं. मी बॅगेची चेन लावत होतो.

ताईला मी अजून सांगितलेलं नाही. भाचा आर्ट्सला गेला, ते मात्र त्याने स्वतः सांगितलं. अधूनमधून त्याचा मेसेज येतो, "मोठ्या मामांना विचार ना, ती तार कुठे आहे." मी विचारतो. दादा म्हणतो, भंगारात घातली.